जमा, नावे आणि शेरा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

१९७४ साली मी बँकेत नोकरीला लागले आणि २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आले. मधली सत्तावीस वर्षे लोकांचे हिशेब जुळवण्यात गेली. तेव्हा लेजर हाताने लिहायची असत. संध्याकाळी रोजकीर्द जुळली नाही, की कुणी घरी जायचे नाही. फरक एक रुपयाचा असला तरी नाही. मग एखादा जुना हेडक्लार्क सांगायचा, ‘फरकाला नवाने भागून बघा.’ भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची उलटापालट झालेली असण्याची शक्यता. ५४ च्या जागी ४५. भाग नाही गेला, तर फरकाचे निम्मे करायचे आणि त्या रकमेची नोंद शोधायची, कारण जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट होतो. हे सगळे सांगण्याचे कारण पुढे येईल.

निवृत्तीच्या वर्षी अमेरिकेतला मुलगा सुटीवर आला आणि घरगुती हिशेबाच्या प्रोग्रॅमची सीडी घेऊन आला. ‘आई, आता वह्या बंद,’ म्हणाला. प्रोग्रॅम तिकडच्या एका कंपनीचा होता. नाव सांगत नाही, ती कंपनीही आता त्या नावाने उरलेली नाही.

पहिले पंधरा दिवस माझे आणि त्याचे मुळीच पटले नाही. मी एक लाख लिहिले, की तो स्वल्पविराम हलवून शंभर हजार करायचा. खात्यांच्या यादीत अमेरिकेतल्या पेन्शनीचे नाना प्रकार होते, पण पीपीएफला जागा नव्हती. शेवटी पीपीएफ मी ‘इतर मालमत्ता’ या सदरात टाकला, जिथे कंपनीने नमुन्यादाखल मोटारबोट दाखवली होती. त्याचे वर्ष जानेवारीला सुरू व्हायचे, आपले एप्रिलला. आणि तारखेत आधी महिना, मग दिवस. बारा जुलै लिहायचे, तर सात आधी आणि बारा नंतर.

पण एक गोष्ट मला फार आवडली. प्रत्येक नोंदीखाली शेरा लिहायला एक ओळ होती. बँकेत शेऱ्याला जागा असायची ती बोटभर. इथे मनात येईल ते लिहा. देवनागरी चालत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. ‘मोसंबी, आंबट निघाली.’ ‘रिक्षावाल्याने सुटे दिले नाहीत.’ असले काहीबाही मी लिहू लागले. वहीत मी असे कधी लिहिले नव्हते.

या प्रोग्रॅमांचा जन्म मोठा घरगुती आहे. स्कॉट कुक नावाचे गृहस्थ अमेरिकेत होते. आधी साबण-बिबण विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत त्यांनी नोकरी केली होती. महिन्याची बिले भरण्याच्या कटकटीबद्दल त्यांची पत्नी तक्रार करत असे. त्यातून १९८३ साली टॉम प्रू यांच्या साथीने त्यांनी इंट्युइट ही कंपनी काढली आणि ‘क्विकन’ हा प्रोग्रॅम आला. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘मनी’ नावाचा प्रोग्रॅम आणला, पण क्विकनला मागे टाकणे जमेना. मग ऑक्टोबर १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेण्याचे जाहीर केले, सुमारे दीड अब्ज डॉलरना. एप्रिल १९९५ मध्ये तिथल्या सरकारने या सौद्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. दूधवाल्याचा आणि वीजबिलाचा हिशेब ठेवणारी ही प्रणाली, आणि तिच्यासाठी एवढी रस्सीखेच!

आता गंमत बघा. बेरीज-वजाबाकी काही दरवर्षी बदलत नाही. एकदा घेतलेला हिशेबाचा प्रोग्रॅम दहा वर्षे चालायला हरकत नसावी. पण मग कंपनीने खावे काय? म्हणून नवी आवृत्ती. कधी बँकेतून नोंदी आपोआप उतरवून घेण्याची सोय, कधी रंगीत आलेख, कधी नुसतीच बटणांची हलवाहलव. क्विकनने तर ठरवूनच टाकले होते, की साधारण तीन वर्षांनी जुन्या आवृत्तीची इंटरनेटवरची सेवा बंद होईल. २०१८ च्या आवृत्तीपासून वर्गणीच आली.

माझे पहिले अपग्रेड २००४ साली झाले. खर्चाचे गोल चित्र येऊ लागले, पोळीचे तुकडे केल्यासारखे. त्यातला सर्वांत मोठा तुकडा औषधांचा होता. कारण त्याच वर्षी वडील साताऱ्याचे घर बंद करून माझ्याकडे राहायला आले.

आम्ही तिघे भावंडे. दादा नागपूरला, मी पुण्यात, धाकटा बडोद्याला. बाबांना थोडी पेन्शन होती. दोघे भाऊ दरमहा प्रत्येकी तीन हजार पाठवणार आणि बाकीचे मी बघणार, असे ठरले. बाबांच्या आणि माझ्या नावाचे जॉइंट खाते काढले. त्याचा हिशेब मी या प्रोग्रॅममध्ये वेगळा ठेवला, पै-पैचा. भावांनी कधी मागितला नाही, पण माझा बँकेचा स्वभाव.

दुसरे अपग्रेड डिसेंबर २००८ मध्ये. मुलाने नवी सीडी आणली, घातली आणि पडद्यावर सूचना आली, की तुमची फाइल नव्या पद्धतीत बदलली जाईल आणि नंतर जुन्या आवृत्तीत उघडणार नाही. मुलाने ‘ओके’ दाबले. त्याला तीन दिवसांत परतायचे होते.

आधीच्या आवृत्तीत दरमहाच्या ठरावीक नोंदींची वेळ झाली, की प्रोग्रॅम विचारायचा, टाकू का? नव्या आवृत्तीने ते विचारणे सोडून दिले. पहिली तारीख उलटली, की स्वतःच टाकून मोकळा. हे मला कळायला मे २००९ उजाडला. पासबुक भरून आणले आणि ताळा करायला बसले, तर फरक बारा हजारांचा. पासबुकात कमी, संगणकात जास्त.

तिथे एक बटण होते. त्याचा अर्थ असा, की फरक आहे खरा, मी एक समायोजनाची नोंद टाकून मिळवून देऊ का? मंडळी, मी खुर्चीतून उठले आणि पाणी प्यायले. बँकेत असे कुणी केले असते, तर त्याची चौकशी लागली असती. लोक ते बटण दाबतात, मला ठाऊक आहे. माझा मुलगाही दाबतो.

बारा हजारांना नवाने भाग जाईना. निम्मे सहा हजार, तशी नोंदच नव्हती. मग एकेक ओळ पासबुकाशी ताडून पाहायला लागले आणि पाऊण तासाने सापडले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. बडोद्याचे तीन हजार चारही महिने आलेलेच नव्हते. प्रोग्रॅमने आपले दर एक तारखेला जमा करून टाकले होते.

त्या हिवाळ्यात मंदीने किती कारखाने बसले, ते आपल्याला आठवत असेल. धाकटा एका इंजिनिअरिंग कारखान्यात होता. फोनवर तो काही बोलला नव्हता, वहिनीही नाही. मे महिन्याचे पैसे मात्र आले होते. मी त्या चार खोट्या नोंदी काढून टाकल्या. पण महिना कोरा सोडणे हाताला जमत नाही, म्हणून चारही ठिकाणी शून्य रुपयांची नोंद केली आणि खाली शेरा लिहिला. मग ते विसरूनही गेले. जुलैत बाबा न्हाणीघरात पडले, खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. पुढची तीन वर्षे मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पण नोंदी रोजच्या रोज करत राहिले. रात्री दहानंतर, बाबा झोपले की.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाबा गेले. त्याच सुमारास माझा संगणकही जळाला. मुलाने नवा घेऊन दिला. मार्चमध्ये बँकेत कागदपत्रे देऊन जॉइंट खाते बंद केले. आणि मेच्या पहिल्या आठवड्यात धाकट्याचा फोन आला, ‘ताई, सुटीत येतोय. बाबांचा हिशेब एकदा बघायचा आहे.’

मला ते लागले, खोटे कशाला सांगू? इतकी वर्षे कुणी विचारले नाही आणि आता? दादाला फोन केला, तर तो म्हणाला, ‘दाखव की, तुझा तर चोख असतो.’ चोख होता. पण कुठे होता? नव्या संगणकावर जुनी सीडी घातली. तिने नोंदणीचा क्रमांक मागितला, तो दिला. मग ती इंटरनेटवरून कंपनीची परवानगी घ्यायला गेली आणि परत आलीच नाही. पलीकडे उत्तर द्यायला कुणी नव्हते. साडेआठ वर्षांचा हिशेब माझ्याच घरात, मीच लिहिलेला, आणि मला तो उघडता येत नव्हता. भावाला काय सांगणार, संगणक जळाला म्हणून? काउंटरवर असली कारणे मी पुष्कळ ऐकली आहेत.

आमच्या गल्लीत संगणक दुरुस्त करणारा एक मुलगा आहे. त्याने जुना डबा उघडला आणि म्हणाला, ‘काकू, नुसता पॉवर सप्लाय गेलाय.’ दुसऱ्या यंत्रातला काढून लावला, आणि जुना पडदा उजळला. पण तो म्हणाला, याचा भरवसा नाही, आजच्या आज सगळे बाहेर काढून घ्या. त्यानेच दाखवले, की मेनूत ‘एक्स्पोर्ट’ म्हणून एक सोय आहे. त्यातून क्यूआयएफ नावाची फाइल तयार होते. साधी अक्षरे आणि आकडे. कुठल्याही संगणकावर नोटपॅडमध्ये उघडते, कुणाची परवानगी लागत नाही. दिसायला ओबडधोबड. एका ओळीत ‘डी’ अक्षर आणि तारीख, पुढच्या ओळीत ‘टी’ आणि रक्कम, मग ‘पी’ आणि पैसे कुणाला दिले ते नाव, आणि ‘एम’ म्हणजे माझा शेरा. सगळे छापले, तेव्हा दीडशेवर पाने झाली.

पुढे माझ्या लक्षात आले, की मी एकटी नव्हते. मायक्रोसॉफ्टने ‘मनी’ची विक्री २००९ च्या जूनअखेर थांबवली होती. त्यांनी एवढे तरी केले, की पुढच्या वर्षी परवानगी न मागता चालणारी एक शेवटची आवृत्ती फुकट दिली. अलीकडे हे हिशेब इंटरनेटवर गेले. ‘मिंट’ नावाची अमेरिकेतली सेवा फुकट होती आणि खूप लोकप्रिय होती. इंट्युइटने २००९ मध्ये ती विकत घेतली आणि मार्च २०२४ मध्ये बंद केली. तिथे तर सीडीही नाही आणि जळायला घरात डबाही नाही.

म्हणून मी सध्या साध्या तक्त्यात हिशेब ठेवते. ज्यांना प्रोग्रॅम हवा असेल, त्यांनी जरूर घ्यावा. ‘ग्नूकॅश’ फुकट आहे आणि जमा-नावे दोन्ही बाजू नीट ठेवतो, बँकेतल्या माणसाला बरे वाटते. पण नवी आवृत्ती घालण्यापूर्वी जुन्या फाइलची एक प्रत बाजूला काढा, आणि आपोआप होणाऱ्या नोंदी एकदा तपासा. दर ३१ मार्चला सगळे साध्या रूपात बाहेर काढून ठेवा. आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ते कुठे आहे, ते सांगा. आमच्या ह्यांना विचाराल तर अजूनही पत्ता नाही.

तर धाकटा आला. जेवण झाल्यावर मी तो गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला, जरा जोरातच ठेवला असेन. तो चष्मा लावून वाचायला बसला. सुरुवातीला तारखांनी गोंधळला. म्हणाला, ‘बाबा डिसेंबरात पडले होते का गं?’ मी सांगितले, आधी महिना वाच, मग दिवस. मग तो शेरे वाचू लागला. मोसंबीपाशी हसला. वॉकरच्या किमतीखाली मी लिहिले होते, ‘बाबा म्हणतात परत कर, मी म्हातारा नाही’. तिथे थांबला. मी भांडी आवरायला आत गेले.

बाहेर आले, तेव्हा २००९ ची पाने त्याच्या हातात होती. जानेवारी, रक्कम शून्य, शेरा ‘आले नाहीत. विचारू नये.’ फेब्रुवारी, तसेच. मार्च, तसेच. एप्रिललाही तेच.

‘मला नक्की किती महिने ते आठवत नव्हतं,’ तो म्हणाला. ‘म्हणूनच हिशेब मागितला. तीन की चार, ते.’

खिशातून पेन काढून त्याने कडेला बारा हजार लिहिले आणि त्याखाली रेघ मारली.

‘ताई, हे कुठल्या खात्यात भरू?’

मला सांगावे लागले, की खाते मार्चमध्येच बंद केले.