फ्यूज शाबूत, वायर वितळलेली

अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीला निघालेली गाडी जालना सोडते तेव्हा तिचं सगळं ठीक असतं. राजूर जवळ येतं, रांग लागते, गाडी मुंगीच्या पावलांनी सरकू लागते. एसी चालू, बाहेर ऊन मी म्हणतंय. अशा वेळी आधी जळक्या प्लास्टिकचा वास येतो आणि मग तापमानाचा काटा वर चढतो. बॉनेट उघडून चालक पहिल्यांदा फ्यूज काढून बघतो. फ्यूज शाबूत! आणि बाहेरून बसवून घेतलेल्या रेडिएटर फॅनचा कपलर मात्र मेणासारखा ओघळलेला.

हीच गाडी समृद्धी महामार्गावर ताशी शंभराने धावताना कुरकुर करत नाही. तिथे समोरचा वाराच रेडिएटर गार करतो, फॅनला फारसं कामच पडत नाही. त्यामुळे हा दोष महिनोन् महिने झाकलेला राहतो आणि नेमका गर्दीत उघडा पडतो.

जुन्या जीपचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा, त्याला वायर नव्हतीच. १९८३ साली मारुती ८०० आली, तिचं इंजिन आडवं. आडव्या इंजिनचा पट्टा रेडिएटरकडे तोंड करून पंखा फिरवू शकत नाही, म्हणून विजेचा फॅन आला. पुढे जुन्या गाड्यांनाही तो लावून घ्यायची हौस वाढली. फॅन मिळतो चांगला. घोळ होतो तो वायरिंगमध्ये.

आता थोडा हिशेब. वीस अँपिअर घेणारा फॅन बारा व्होल्टवर २४० वॉट खातो. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन चार मीटर धरली, तर तिच्यात सुमारे वीस वॉट उष्णता होते. पण ती चार मीटरभर पसरते, वायर नुसती कोमट लागते. तेवढाच अडथळा, म्हणजे ओहमचा विसावा भाग, एखाद्या सैल पिनेत साचला तर तेच वीस वॉट नखाएवढ्या जागेत कोंडतात. रेडिओ दुरुस्तीची लहान सोल्डरिंग इस्त्री पंचवीस वॉटची असते, यावरून अंदाज यावा. पिन तापते, काळी पडते, काळी पडल्यावर अडथळा आणखी वाढतो. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे बिअर गाळणाऱ्या घराण्यातल्या जेम्स जूल यांनी १८४१ मध्येच मांडलं होतं.

आणि फ्यूज? तो प्रवाह मोजतो, उष्णतेचा शोध घेत नाही. सैल जोडामुळे प्रवाह उलट किंचित कमीच होतो, म्हणजे फ्यूजला जरा आरामच! तरीही अनेकांचा पहिला उपाय मोठा फ्यूज टाकण्याचा असतो. तीसच्या जागी चाळीसचा टाकला की वायरचा उरलासुरला राखणदारही गेला.

मग दोष सापडायचा कसा? टेस्ट लॅम्प फसवतो. त्याचा इवलासा बल्ब इतका कमी प्रवाह घेतो की खराब जोडातूनही लख्ख पेटतो. मल्टीमीटरवर ओहम मोजूनही उपयोग नाही, कारण साध्या मीटरला एवढा बारीक अडथळा नीट पकडताच येत नाही. फॅन चालू असताना व्होल्ट मोजायचे. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं फॅनच्या प्लसवर. अर्धा व्होल्ट दिसला तर चालेल. एकाच्या वर गेला तर दुसरं टोक फ्यूज, रिले, कपलर असं एकेक ठिकाणी टेकवत जायचं. आकडा जिथे उडी मारतो, तिथेच चोर. मायनसच्या बाजूचीही हीच परीक्षा. तिथे रंगावरच आवळलेला अर्थचा बोल्ट हमखास सापडतो.

दोन्ही बाजू चोख निघाल्या, तर फॅनकडे वळावं. बॅटरीची वायर काढून पाती हाताने फिरवून बघायची. चावी बंद असली तरी काही गाड्यांचा फॅन अचानक सुरू होतो, बोटं सांभाळलेली बरी. पाती जड फिरत असली तर मोटरच जास्त प्रवाह ओढतेय.

दुरुस्तीत काळी पडलेली तार चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापावी लागते. त्यावर पीळ देऊन टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या अंगारकीची सोय. घराच्या फिटिंगमधून उरलेली वायरही नको. साधी पीव्हीसी वायर सत्तर अंशांच्या हिशेबाने बनते आणि मे महिन्यात तापलेल्या इंजिनाशेजारी त्याहून जास्त तापमान सहज होतं. चार चौरस मिलिमीटरची गाडीचीच वायर, नीट दाबलेले लग, चांगल्या सॉकेटमधला रिले आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, एवढ्याने काम होतं.

एक गोष्ट गडबडीत हमखास राहते. नवा कपलर लावताना प्लस-मायनस उलटले तर मोटर उलटी फिरते आणि हवा समोरच्या वाऱ्याशी भांडत बसते. फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर तो चालू करून पुढच्या जाळीवर वहीचं एक पान धरायचं. पान चिकटून राहिलं की बॉनेट खाली.