शिरेतील नळी आणि सलाईन



डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले. आज सातारा-सांगलीच्या ग्रामीण रुग्णालयांतही शिरेत नळी ठेवून औषध दिले जाते. दोन मात्रांच्या दरम्यान नळीत रक्त गोठले, तर रुग्णाला पुन्हा सुई सोसावी लागते. यास्तव प्रत्येक मात्रेपूर्वी व नंतर निर्जंतुक सलाईन नळीतून सोडतात. त्यात लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असते. हातावरील नळीस बहुधा तेवढे पुरते. हिपॅरिनमुळे रक्तस्रावाचा धोका संभवतो. अडथळा जाणवल्यास जोर करू नये. प्रत्येक रुग्णास नवी सिरिंज हवी. रुग्ण कल्याण समितीवरील पंचायत सदस्यांनी यंत्रांइतकीच या स्वस्त साहित्याच्या साठ्याचीही आस्थेने चौकशी करावी, ही विनंती.