मैत्रीची बाग फळांची असावी
(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. पुणे आणि जपानमधील ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीचे ते प्रतीक आहे. ते ज्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर उभारले, ते ओकायामाच्या सरदाराने १६८७ मध्ये सुरू करून १७०० मध्ये पूर्ण केले. सरदाराचीच बाग ती, तिथे तळी आणि हिरवळ असायचीच. पण त्याच बागेत भातखाचर आहे, चहाचा मळा आहे आणि जर्दाळूच्या कुळातील उमे वृक्षांची राईही आहे. शोभा आणि शेती यांत त्या माणसाला विरोध दिसला नाही.

आपल्या शाळेमागच्या जागेत ओकायामाच्या मैत्रीनिमित्त बाग करण्याचा विचार चालू आहे. काहींचा आग्रह हिरवळीसाठी आहे. माझे म्हणणे असे की, तिथे खाण्याजोगे रान करावे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हार्ट यांनी अशा बागेचे सात थर सांगितले. आपल्या कोकणातल्या आगरात नारळ-पोफळी, त्यांवर मिरीचा वेल, खाली केळ आणि हळद असतेच, पद्धत तीच. पुण्याच्या हवेत वर आंबा व चिंच, मध्ये पेरू, सीताफळ व शेवगा, कडेला करवंद, कुंपणावर घेवडा, सावलीत हळद आणि सुरण. गळलेला पाला झाडायचा नाही, तेच खत. झाडे लहान असतील तोवर मधल्या उन्हात भाजी व पपई घ्यावी.

ओकायामाचे पांढरे पीच प्रसिद्ध आहे. ते इथे आणण्याची हौस नको. त्याला कडक हिवाळा लागतो. त्याऐवजी आपले पुरंदरचे अंजीर लावू.

'मुले फळे तोडतील,' असा आक्षेप आला. तोडू देत! लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले तर ते लावणाऱ्याचा सदका ठरते, असे हदीसमध्ये आले आहे. राखणदार कशाला?

खरी अडचण पाण्याची. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असते आणि रोपे नेमकी तेव्हाच जळतात. मात्र शेजारच्या मशिदीत वजू दिवसातून पाच वेळा होतोच. ते पाणी बिनसाबणाचे असते आणि आज गटारात जाते. हौदापासून आपल्या कुंपणापर्यंत एक पन्हळ काढावी, एवढीच विश्वस्तांना विनंती आहे. खड्डे आमचे विद्यार्थी मे महिन्यापूर्वी खणून ठेवतील.