दुखणे डोक्याचे, निर्णय कोणाचा?



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, हा आजवरचा रिवाज. तो मोडून चालकांनी आम्हांला उभे केले. त्यांचे म्हणणे एवढेच की, २०१६ सालापासून तुम्ही उभयता ज्यातून चालला आहात ते सांगा; गावात ज्यांच्या घरी असे दुखणे आले आहे त्यांना ते ऐकावयाचे आहे. नाही म्हणणे जमले नाही.

भाषण दोघांनी मिळून लिहिले आहे. वाचणार आहेत बाई, पाने उलटणार आहेत मास्तर. येथे नांदेडला शाळेत मराठी शिकवीत होते ते मास्तर, आणि त्याच शाळेत गणित शिकवतात त्या बाई. त्यांचे माहेर लातूरचे. 'मी' हा शब्द आजच्यापुरता आम्ही घरी ठेवून आलो आहोत.

जानेवारी २०१६. नववीच्या वर्गात मास्तर समास शिकवीत होते. फळ्यावर 'द्वंद्व' हा शब्द लिहिता लिहिता उजवा हात थांबला, मग थरथरू लागला, आणि मास्तर खाली कोसळले. पोरांनी धावाधाव केली. कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडला, आणि एका प्रेमळ सहकाऱ्याने दातखीळ सोडविण्यासाठी तोंडात चमचा घातला. त्यात पुढच्या दाताचा टवका उडाला, तो अजून तसाच आहे. आपल्यापैकी कोणावर हा प्रसंग आला, तर एवढेच करावे: माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, जवळच्या टणक वस्तू दूर साराव्यात आणि घड्याळाकडे पाहावे. तोंडात काहीही घालू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर तडक दवाखाना गाठावा.

चित्र काढले तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूस, पुढच्या भागात, लिंबाएवढी गाठ दिसली. उजवा हात आणि बोलणे, दोहोंचा कारभार बहुतेक माणसांत डाव्या मेंदूकडे असतो. आम्ही मुंबईस गेलो, परळच्या टाटा रुग्णालयात. पत्नी मेहरबाई यांना १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने नेल्यावर सर दोराबजी टाटाही पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीतून १९४१ साली हे रुग्णालय उभे राहिले. तेथल्या ओट्यावर बसलेल्या नवराबायकोंच्या जोड्या पाहताना ही गोष्ट आम्हांला वारंवार आठवे.

शस्त्रक्रियेच्या आधी सर्जनने मास्तरांना एक प्रश्न विचारला. तो त्यांनी मास्तरांनाच विचारला, बाईंना नव्हे, याबद्दल आम्ही त्यांचे आजन्म ऋणी आहोत. ते म्हणाले, "ही गाठ सावकाश वाढणारी आहे, पण तिला कड नाही, मिठासारखी ती आसपास विरघळलेली आहे. जितकी जास्त काढू तितकी ती उशिरा परतेल. पण बोलण्याच्या जागेला धक्का लागण्याचे भयही तितकेच वाढेल. तुम्हांला काय जपायचे आहे?"

मास्तरांनी एक रात्र मागून घेतली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत शंभर पानी वही विकत आणून त्यांनी पहिल्या पानावर लिहिले: "आधी शब्द. मग आयुष्य." खाली तारीख घातली. बाईंनी सही केली. मराठीच्या मास्तराने दुसरे काय लिहावे! त्या रात्री ते उत्तर आम्हांला फार शोभून दिसले. त्याचा पुढे काय घोळ झाला ते सांगण्यासाठीच हे भाषण आहे.

ती शस्त्रक्रिया मास्तरांना जागे ठेवून झाली. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, परंतु मेंदूच्या मांसाला स्वत:ची वेदना नाही. वरची कातडी बधिर करावी लागते. रुग्णाला चित्रे दाखवीत राहतात, तो नावे सांगत राहतो. सर्जन विजेच्या हलक्या स्पर्शाने एकेक जागा तपासतो. ज्या जागेवर शब्द अडखळतो ती सोडून देतो. आदल्या दिवशी चित्रांची तालीम झाली. एका चित्रात शिडी होती. मास्तर म्हणाले, "निसणी." तपासणाऱ्या मुलीने चूक अशी खूण केली. बाई मध्ये पडल्या, "अहो, आमच्याकडं निसणीच म्हणतात!" मुलीने हसून चिठ्ठीवर 'निसणी' लिहून घेतले. तेवढे बोलल्या नसत्या, तर दुसऱ्या दिवशी सर्जनचा हात एका शाबूत जागेवरून उगाच मागे फिरला असता. रुग्णाची घरची बोली डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावी, हे आम्ही तेव्हा शिकलो.

मेंदूवरच्या जागांचे नकाशे या रीतीने मांडण्यात मोठा वाटा माँट्रिअलच्या डॉ. वाइल्डर पेनफील्ड यांचा. वेलोरला १९४९ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू करणारे डॉ. जेकब चँडी हे त्यांच्याच हाताखाली शिकून आलेले. या पेनफील्डांच्या घरची एक हकीकत आम्हांला पुढे वाचावयास मिळाली. त्यांची सख्खी बहीण रूथ हिला मेंदूची गाठ झाली. १९२८ साली भावाने स्वत:च्या हाताने ती काढली. गाठीबरोबर मेंदूच्या पुढच्या उजव्या भागाचा मोठा हिस्साही काढावा लागला. बहीण बरी झाली, हसू-बोलू लागली. मग एकदा तिने भावाला आणि घरच्या माणसांना जेवू घालावयाचे ठरविले. हे काम पूर्वी तिला सहज जमले असते. जेवणाच्या वेळी भाऊ पाहतो तो चुलीवर एकदोन पदार्थ, बाकीची कशाचीच तयारी नाही, आणि बहीण मध्ये कासावीस होऊन उभी. प्रत्येक पदार्थ तिला येत होता. आधी काय, मग काय, एवढेच जुळत नव्हते. गाठ परतली, दुसरी शस्त्रक्रिया झाली, आणि १९३१ साली ती गेली. चुलीपाशी उभ्या असलेल्या बहिणीची ही गोष्ट त्या भावाने पुढे वैद्यकीय लेखात नोंदविली. अशी नोंद करावयास किती धीर लागला असेल!

आमच्याकडे स्वयंपाक नव्हता, परीक्षेचे वेळापत्रक होते. त्याविषयी पुढे.

एप्रिल २०१६ मध्ये विश्रांतीसाठी आम्ही लातूरला होतो. त्या वर्षीचा लातूरचा दुष्काळ आपण विसरला नसाल. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली, दहा डब्यांत पाच लाख लिटर पाणी. डोक्यावरचे टाके ओले, औषधांनी अंगात आग, आणि घरात पाणी घागरी मोजून. सासूबाई दाराआडून सांगत, "जावईबापूंच्या आंघोळीच्या दोन घागरी येगळ्या ठिवल्यात, त्याला कुणी हात लावू नका." स्वत: त्या चार-चार दिवस बिनआंघोळीच्या असत. आजाराच्या खर्चाची यादी करताना अशा घागरी कोणी धरीत नाही.

शाळेत परतल्यावर मास्तर पूर्वीसारखेच शिकवू लागले, पण सहामाहीचे वेळापत्रक त्यांच्याच्याने लागेना. एकाच तासाला एकच शिक्षक तीन वर्गांवर. शाळेने गोडीने ते काम काढून घेतले. मास्तरांना ते फार लागले.

याच काळात आम्ही एक मूर्खपणा केला. एका सद्गृहस्थांच्या सांगण्यावरून एक चूर्ण सुरू केले आणि 'उष्ण पडतात' म्हणून झटक्यांच्या गोळ्या बंद केल्या. पाचव्या दिवशी पहाटे एकामागून एक तीन झटके आले. झटक्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम थांबवू नये. हे वाक्य आम्ही स्वयंपाकघरात लिहून लावले आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये गाठ परतली. परतणार हे आम्हांला सांगितलेले होते; या जातीच्या गाठी बहुधा परततात. तरीही दर सहा महिन्यांनी चित्र चांगले आले की मनुष्य फसतो. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूरकडची माणसे धड घरे सोडून कित्येक महिने अंगणात निजत. आमची अवस्था उलटी होती: आम्ही त्याच घरात निजत होतो आणि जमीन हलणार नाही असे धरून चाललो होतो.

दुसरी शस्त्रक्रिया झाली. या खेपेस गाठ पहिल्यापेक्षा उतावळ्या जातीची निघाली. मग सहा आठवडे किरणोपचार, आठवड्यातून पाच दिवस, एकूण तीस बैठका. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवून टेबलाला जखडतात, म्हणजे डोके तसूभर हलू नये. बरोबर गोळ्यांच्या रूपातले रसायन. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपरचे भाडे माफ आणि सोबत्याला पाऊणपट सूट आहे. पुष्कळांना हे ठाऊक नसते, म्हणून सांगून ठेवतो. सूज उतरविण्यासाठी जे स्टिरॉइड देतात त्याने भूक वाढते, झोप उडते आणि स्वभाव फिरतो. ज्या मास्तरांनी उभ्या जन्मात ताट ढकलले नाही, त्यांनी त्या दिवसांत ते दोनदा भिरकावले. बाईंनी ताट उचलले. पण त्या रागावल्या नाहीत असे मात्र आम्ही लिहिणार नाही.

एका ठिकाणचे डॉक्टर समोर बसलेल्या मास्तरांकडे न पाहता बाईंना विचारीत, "पेशंट जेवतो का? पेशंटला कळतं का?" तिसऱ्या प्रश्नाला मास्तर म्हणाले, "पेशंटला विचारा, तो इथंच बसलाय." वाक्याला अर्धे मिनिट लागले, पण ते पुरे झाले.

आता घोळ. २०२४ च्या पावसाळ्यात चित्रात पुन्हा चमक दिसली. किरणांनी भाजलेला मेंदू आणि परतलेली गाठ, दोन्ही चित्रात सारखीच दिसू शकतात. जाणत्यांनाही चटकन सांगता येत नाही. मास्तरांचे बोलणे तोवर निम्म्यावर आले होते. स्टिरॉइड पुन्हा सुरू झाले. आम्ही लातूरला होतो. रात्री मास्तर म्हणाले, "सगळं काढा म्हणावं. शब्द गेले तर जाऊ द्या. मला जगायचंय."

बाईंनी वही काढली. पहिले पान उघडून समोर धरले. आठ वर्षांपूर्वीचे अक्षर, आठ वर्षांपूर्वीची तारीख. मास्तरांनी ते वाचले. बराच वेळ शब्द जुळवून म्हणाले, "हे ज्यानं लिहिलं, त्याला... हे दुखणं ठाऊक नव्हतं."

तीन रात्री आम्ही भांडलो. बाईंचे म्हणणे: धडधाकट मेंदूने घेतलेला निर्णय खरा, आज बोलते आहे ते औषध, बोलतो आहे तो आजार. मास्तरांचे म्हणणे, जेवढे त्यांना मांडता आले तेवढे: आजार अंगावर घेऊन जो जगतो आहे तोच मी, दुसरा कोणी शिल्लक नाही. दुसऱ्या दुखण्यात असा वाद निघत नाही. गुडघा दुखला तर काय करावे हे डोके ठरविते. येथे ज्याने ठरवावयाचे तेच दुखते आहे. पण एवढ्यावरून दुखणाऱ्या डोक्याचा मताचा हक्क काढून घ्यावा काय? आमच्यात अजून पुरता मेळ नाही. तरी बाईंनी एक गोष्ट कबूल केली आहे, आणि ती येथे सांगावयाची असा आमचा ठराव आहे. वही त्यांना मास्तरांसाठी हवी होतीच, पण त्याहून अधिक स्वत:साठी हवी होती. उद्या काही बरेवाईट झाले, तर 'हे त्यांनीच ठरविले होते' असे म्हणता यावे म्हणून.

मग आम्ही असे केले. स्टिरॉइडची मात्रा डॉक्टरांनी हळूहळू उतरविल्यावर तोच प्रश्न वेगवेगळ्या दिवशी, सकाळच्या प्रहरी, झोप झालेली असताना, तीनदा विचारला. घाई केली नाही, शब्द सुचविले नाहीत. दोनदा उत्तर आले, काढा. एकदा आले, नको. तिन्ही उत्तरे वहीत तारखेसह लिहिली, आणि पहिले पान खोडले नाही. वही घेऊन सर्जनपुढे बसलो. त्यांनी सगळी पाने वाचली आणि म्हणाले की, तूर्त कापण्याची निकड नाही. आठ आठवडे थांबू, पुन्हा चित्र काढू. आठ आठवड्यांनी कळले की थोडी गाठ आहे, थोडे भाजणे आहे. मग गोळ्या सुरू झाल्या. महिन्यातून पाच दिवस घ्यावयाच्या, बाकीचे दिवस रक्त तपासत राहावयाचे.

लिहावयाचे ते बोलणे शाबूत असताना लिहावे, हे खरे. आमची चूक अशी झाली की आम्ही एकदाच लिहिले आणि पाच वर्षे ते पान उघडले नाही. आता प्रत्येक चित्राच्या आदल्या आठवड्यात नवे पान लिहितो. जुने उत्तर बदलण्याची मास्तरांना मोकळीक आहे, आणि बदलले म्हणून त्यांना कोणी भ्रमिष्ट म्हणावयाचे नाही, निदान आमच्या घरात नाही.

पुढचे चित्र जूनमध्ये आहे. तपोवन एक्सप्रेसची तिकिटे काढून ठेवली आहेत. पान अजून लिहावयाचे आहे.

वेळ संपत आली. मास्तरांना शेवटी दोन शब्द स्वत: बोलावयाचे आहेत. त्यांना अवधी लागेल. शब्द अडला, तर कृपा करून कोणी सुचवू नये.