गर्दी नाही, म्हणून पगार नाही?
(विभागीय महिला कर्मचारी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळावा महिला कर्मचाऱ्यांच्या प्रश्नांचा आणि सेक्रेटरी बोलणार फुटबॉलवर, हे काय प्रकरण आहे, असा भाव मला काही चेहऱ्यांवर दिसतो आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस, खेळातला तज्ज्ञ नाही. पण वाटाघाटींच्या टेबलावर माझं निम्मं आयुष्य गेलं. "उत्पन्नच नाही, तर पगार कुठून देऊ?" हा सवाल जगात कुठेही कानावर आला की मी सावध होतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या इन्स्टिट्यूटच्या मैदानावर मुलींचा सामना होता. प्रेक्षक मोजून तीस, त्यातले निम्मे घरचेच. माझ्या शेजारी बसलेला फिटर म्हणाला, "साहेब, बघायलाच कोणी येत नाही, तर यांना पैसे कोण देणार?" त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. नंतर मिळेल ते वाचलं, विचारलं. तेच आज सांगतो.

पहिली गोष्ट, बायकांचा फुटबॉल बघायला लोक येत नाहीत हे मुळातच खरं नाही. इंग्लंडमध्ये प्रेस्टन गावी डिक, कर कंपनीचा कारखाना होता. ट्रॅम आणि रेल्वेचं सामान बनवणारा, म्हणजे आपल्याच धंद्यातला. पहिल्या महायुद्धात तिथे दारूगोळा तयार होऊ लागला आणि कामावर बाया आल्या. त्यांनी 1917 साली संघ काढला. 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला 53,000 लोक आले, हजारो बाहेरून परत गेले. 3,000 पौंडांहून अधिक पैसे जमले ते धर्मादाय कामाला दिले. 1921 साली खाणमालकांनी टाळेबंदी केली, तेव्हा महिलांच्या संघांनी सामने खेळून खाणकामगारांच्या कुटुंबांसाठी निधी उभा केला. त्याच वर्षी 5 डिसेंबरला तिथल्या फुटबॉल असोसिएशनने फर्मान काढलं, की आमच्या क्लबांची मैदानं बायकांना द्यायची नाहीत. कारण दिलं, की हा खेळ स्त्रियांना शोभत नाही आणि जमलेल्या पैशाचा हिशेब नीट नाही. ही बंदी जवळजवळ 50 वर्षं टिकली. आधी मैदान काढून घेतलं, आणि आता विचारतात, प्रेक्षक कुठे आहेत?

मात्र आपली बाजू मांडताना हिशेब लपवायचा नसतो. अमेरिकेत 1999 च्या विश्वचषक अंतिम सामन्याला 90,185 प्रेक्षक होते. त्या जोरावर 2001 साली महिलांची व्यावसायिक लीग निघाली. पाच वर्षांसाठी ठेवलेलं भांडवल पहिल्याच वर्षात संपलं आणि 2003 साली लीग बंद पडली. दुसरी लीग 2009 मध्ये आली, 2012 मध्ये मोडली. एका दिवसाची जत्रा आणि वर्षभराचा बाजार यांत फरक असतो. तिसरी लीग 2013 पासून चालू आहे. तिथे सुरुवातीला किमान पगार वर्षाला 6,000 डॉलर होता. मुली दुसऱ्यांच्या घरी राहून खेळायच्या. खेळाडूंनी युनियन बांधली आणि 2022 साली पहिला सामूहिक करार झाला, त्यात किमान पगार 35,000 डॉलर ठरला.

आता स्पेनची गोष्ट. ही टपाल खात्यातल्या बांधवांनी नीट ऐकावी. तिथल्या खेळाडूंची मागणी काय होती? पूर्णवेळेचा किमान पगार 16,000 युरो धरला, तर आमचं काम निदान 75 टक्के वेळेचं मोजा, म्हणजे हातात 12,000 येतील. क्लब म्हणाले, 50 टक्केच, म्हणजे 8,000. ग्रामीण डाक सेवकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. काम दिवसभर माणसाला अडकवून ठेवतं आणि कागदावर मात्र चार-पाच तास लागतात! वर्षभराहून अधिक काळ वाटाघाटी रखडल्या. शेवटी 16 आणि 17 नोव्हेंबर 2019 रोजी खेळाडूंनी संप केला आणि त्या फेरीचे आठही सामने झाले नाहीत. फेब्रुवारी 2020 मध्ये करार झाला. 75 टक्के मान्य झाले आणि दुखापत, बाळंतपण, रजा यांची कलमंही आली.

पुढे 30 मार्च 2022 रोजी बार्सिलोनाच्या मोठ्या मैदानावर महिलांच्या सामन्याला 91,553 लोक आले. पण त्याच संघाचं नेहमीचं मैदान 6,000 लोकांचं. ऑगस्ट 2023 मध्ये स्पेनच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, आणि तीन आठवड्यांच्या आत किमान पगारासाठी लीगच्या पहिल्याच फेरीला त्यांना पुन्हा संप करावा लागला. तेव्हा कुठे किमान पगार 21,000 युरो झाला. जगज्जेत्यांनाही मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

इंग्लंडमध्ये फेब्रुवारी 2024 मध्ये आर्सेनलच्या एका सामन्याला 60,160 प्रेक्षक होते. त्याच वर्षी रेडिंग क्लबने आपला महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला, आणि 2025 मध्ये ब्लॅकबर्ननेही तेच केलं. पैसा पुरुषांच्या क्लबकडून येतो. तिकडे तोटा झाला की पहिली कात्री इकडे लागते.

बंधू-भगिनींनो, हे आपण ब्रँच लाइनवर पाहिलेलं आहे. गाडी भलत्या वेळेला सोडायची, डबे मोडके जोडायचे, मेन लाइनच्या गाडीशी मेळ ठेवायचा नाही, आणि दोन वर्षांनी फाइलवर लिहायचं, "प्रवासी नाहीत, बंद करा." महिलांच्या सामन्याचंही तसंच होतं. मैदान गावाबाहेरचं, वेळ अडनिडी, जाहिरात शून्य. मग गर्दी कुठून येणार? तोटा खरा असतो, पण तो कसा झाला हेही फाइलवर आलं पाहिजे.

आपल्याकडे महिलांची राष्ट्रीय लीग 2016-17 च्या हंगामात सुरू झाली. जुलै 2025 मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 असं हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. आपल्या रेल्वेचा महिला संघ डिसेंबर 2021 मध्ये कोझिकोडला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता. मणिपूरने पेनल्टीवर हरवलं. आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक होतं? मलाही नव्हतं, हे मी कबूल करतो.

त्या फिटरला माझं उत्तर असं आहे. पुरुषांइतका पगार उद्याच मिळेल, असं मी म्हणत नाही. पण जगण्यापुरता किमान पगार, लेखी करार, दुखापतीत उपचार आणि बाळंतपणाची रजा, एवढं तिकीटविक्रीवर टांगून ठेवता येणार नाही. तो कामाचा मोबदला आहे. आणि गर्दीचं म्हणाल, तर ती आपल्या हातात आहे. पुढच्या सामन्याला प्रत्येक शाखेने मुलाबाळांसह यावं, सामना ड्यूटी सुटल्यानंतरच्या वेळेला ठेवण्याची मागणी मी लेखी देतो. तीसचे तीनशे झाले, की "बघायला कोणी येत नाही" हे वाक्य निदान आपल्या मैदानावर तरी कोणाला म्हणता येणार नाही.

कामगार एकजूट झिंदाबाद!