वकिलीतील दासोह

(सोलापूर येथे वकील व विधी शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



ही भूमी शिवयोगी सिद्धरामेश्वरांची. या नगरीच्या मध्यभागी असलेला तलाव बाराव्या शतकात त्यांनी शरणांच्या श्रमातून खोदविला, असे परंपरा सांगते. शरणांच्या शिकवणीत दोन शब्द जोडीने येतात. कायक आणि दासोह. कायक म्हणजे प्रामाणिकपणे केलेले कष्टाचे काम. दासोह म्हणजे त्या कामाच्या फळातील समाजाचा वाटा नम्रपणे समाजाला पोचता करणे. दासोह करणारा कोणावर उपकार करीत नाही, तो ऋण फेडतो.

वकिलीच्या व्यवसायात आज 'प्रो बोनो' हा शब्द रूढ झाला आहे. मूळ लॅटिन. अर्थ एवढाच की, लोकहितासाठी. मोठ्या शहरांतील मोठ्या लॉ फर्म आपल्या कामाचा काही भाग पक्षकाराकडून फी न घेता करतात, त्याला हे नाव आहे. शब्द परका असला तरी वृत्ती आपल्याला परकी नाही. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यात राजद्रोहाचा खटला उभा राहिला. त्यांच्या बाजूने उभे राहणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते. तेव्हा पुणे सार्वजनिक सभेचे संस्थापक गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. निकाल काय लागणार हे उघड होते. तरीही आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, हे तत्त्व त्यांनी राखले.

स्वातंत्र्यानंतर हे तत्त्व घटनेत यावयास बराच काळ लागला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला आणि दुर्बलांना विनामूल्य विधी साहाय्य देण्याची जबाबदारी राज्यावर आली. १९७८ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या होसकोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कैद्याला अपिलासाठी निकालपत्राची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि त्याची ऐपत नसेल तर वकीलही मिळाला पाहिजे. पुढच्याच वर्षी हुसेनारा खातून खटला गाजला. बिहारच्या तुरुंगात असे कच्चे कैदी होते की, गुन्हा सिद्ध झाला असता तर जी शिक्षा झाली असती, तीहून अधिक काळ ते खटल्याविना कोठडीत होते. वर्तमानपत्रातील मजकूर वाचून पुष्पा कपिला हिंगोरानी या विदुषी वकील त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कोणी पक्षकार त्यांच्या दारी आला नव्हता. त्या एका याचिकेने हजारो कैद्यांच्या सुटकेची वाट मोकळी झाली.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या १२ व्या कलमाकडे सोलापूरकरांनी विशेष लक्ष द्यावे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती, आपत्तिग्रस्त यांना विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आता हे कलम हाती घेऊन पूर्व भागातील गल्ल्यांतून फिरा. दारात बसून सुपातील तेंदूपत्ता कापणाऱ्या, विड्या वळणाऱ्या हजारो माता-भगिनी दिसतील. यंत्रमागावर आयुष्य घालविलेले कामगार भेटतील. भविष्य निर्वाह निधीच्या कागदावर नाव चुकले, नवऱ्याने घराबाहेर काढले, पतीच्या निधनानंतर घराच्या वाट्यावरून दीर भांडू लागला, असे प्रसंग या घरांवर येतात. त्यातील प्रत्येक स्त्री कायद्याने विनामूल्य वकिलाला पात्र आहे. हे तिला कोणी सांगितले आहे काय? १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केला तर साहाय्य मिळते, हे किती जणींना ठाऊक असेल? शिवाय ती घरात तेलुगू किंवा कन्नड बोलते आणि कागद येतो मराठीत अथवा इंग्रजीत. हक्क आणि हक्कदार यांच्यामधले हे अंतर केवळ शासनाने भरून निघणारे नाही.

येथे एक कठोर गोष्ट बोलावी लागेल. विनामूल्य मिळालेला वकील म्हणजे दुय्यम वकील, अशी समजूत समाजात आहे. फुकटच्या कामाला कनिष्ठाला पाठवायचे, तारीख पडली की पुढची तारीख घ्यायची, असे जेथे घडते तेथे ती समजूत खरी ठरते. देवाला वाहावयाचे फूल कोणी कोमेजलेले निवडीत नाही. मग समाजपुरुषाच्या चरणी वाहावयाचा वेळ उरलासुरला का असावा? फी देणाऱ्या पक्षकारासाठी जेवढी तयारी, तेवढीच तयारी विडी वळणाऱ्या बाईसाठी झाली, तरच तो दासोह. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनीही गरजूंना विनामूल्य साहाय्य देणे हे वकिलाच्या समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांत गणले आहे.

मोठ्या फर्मचे महत्त्व येथेच आहे. त्यांच्यापाशी अभ्यासू मनुष्यबळ आहे, ग्रंथसंपदा आहे, एका प्रकरणावर पाच जण बसविण्याची ताकद आहे. अमेरिकन बार असोसिएशनने प्रत्येक वकिलाने वर्षाकाठी किमान ५० तास अशा कामाला द्यावेत, असे ध्येय ठेवले आहे. तेथील अनेक फर्ममध्ये हे तास वकिलाच्या नियमित कामाच्या तासांत धरले जातात. मर्म या हिशेबात आहे. तरुण वकिलाचे मूल्यमापन केवळ मिळवून दिलेल्या फीवर होत असेल, तर त्याच्या मनातील सेवाभाव दोन वर्षांत वाळून जातो. संस्थेने त्या तासांना मान दिला तर तो टिकतो. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या न्याय विभागाने २०१७ साली स्वेच्छेने सेवा देणारे वकील आणि गरजू यांची गाठ घालणारा 'न्याय बंधू' हा उपक्रम सुरू केला.

मुंबईच्या फर्मने सोलापूरसाठी काय करावे? तिने येथे कार्यालय थाटण्याची आवश्यकता नाही. येथील वकील माणसाची भाषा जाणतो, तलाठ्यापासून कामगार कार्यालयापर्यंतची वाट जाणतो. फर्मने त्याच्या पाठीशी संशोधन, मसुदा आणि अपिलाचा खर्च उभा करावा. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. अपिलासाठी मुंबई गाठण्याची सक्ती गेली. अंतर कमी झाले, परंतु दुर्बलाच्या पदरी वकीलच नसेल तर जवळचे न्यायालयही त्याला दूरच राहते.

विद्यार्थी मित्रांनो, सनद हाती येईल त्या दिवशी एक संकल्प करा. वर्षाला एक प्रकरण, केवळ एक, विनामूल्य घ्यायचे आणि शेवटच्या निकालापर्यंत सोडायचे नाही. आणि ज्येष्ठांना विनंती अशी की, ते प्रकरण कनिष्ठाच्या हाती देऊन मोकळे न होता, युक्तिवादाच्या दिवशी आपण स्वतः उभे राहावे. सिद्धरामेश्वरांचा तलाव एका माणसाने खोदला नाही. प्रत्येकाने एकेक पाटी माती उचलली. सोलापुरातील प्रत्येक वकिलाने आपली एक पाटी उचलावी, एवढीच अपेक्षा.