लाजेचे भांडवल

(धुळे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाने गुन्हेपटांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आपल्याकडे रहस्यकथा वाचणे हा कालापव्यय समजला जात असे. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके आम्हीही लपवूनच वाचली. परंतु लाखो लोक जे आवडीने पाहतात, त्याकडे पाठ फिरविणे समाजवाद्यांना परवडणारे नाही.

जुन्या अमेरिकन गुन्हेपटांत, उदाहरणार्थ 'डबल इंडेम्निटी'मध्ये (१९४४), स्त्री म्हणजे पुरुषाला गुन्ह्याकडे ओढणारे जाळे होते. आपल्याकडील 'एक हसीना थी' (२००४) व 'कहानी' (२०१२) या चित्रपटांत अंधार तसाच आहे, पण त्यातून वाट काढणारी स्त्रीच आहे. हा पालट स्वागतार्ह आहे. प्रश्न एवढाच की, नायिका कणखर आहे हे ठरवायचे कशावरून? तिच्या हातातील पिस्तुलावरून?

याचे उत्तर शोधण्यास खानदेशाबाहेर जाण्याची गरज नाही. १९९४ साली जळगावचे प्रकरण उघडकीस आले. तरुण मुलींना फसवून त्यांची छायाचित्रे काढायची व त्यांच्या धाकावर त्यांचे शोषण चालू ठेवायचे, असा तो प्रकार होता. आरोपींत स्थानिक राजकारणातली माणसेही होती. तपासात मीरां बोरवणकर या महिला अधिकाऱ्याने महत्त्वाची कामगिरी केली. तरीही अनेक पीडित मुली तक्रार घेऊन पुढे आल्या नाहीत. शिक्षा झालेला आरोपी पुढे उच्च न्यायालयात सुटला, असेही घडले.

मुली का बोलल्या नाहीत? अर्थशास्त्राच्या भाषेत सांगतो. गुंडाच्या हातातील छायाचित्राला स्वतःचे मोल काहीच नसते. ते मोल आपण देतो. घराण्याची अब्रू मुलीच्या देहात ठेवणारा समाज त्या कागदाची किंमत ठरवितो आणि गुंड ती वसूल करतो. त्याचे भांडवल आपल्या लाजेचे असते. त्या दिवसांत जळगावच्या मुलींची लग्ने जमणे कठीण झाले होते, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. अपराध कोणाचा आणि दंड कोणी भरला!

या कसोटीवर 'मर्दानी' (२०१४) पाहा. राणी मुखर्जीची अधिकारी धडाडीची आहे, पण शेवटी खलनायकाला मुलींच्या हवाली करून तेथेच निकाल लावला जातो. प्रेक्षक टाळ्या वाजवितात. साक्ष, उलटतपासणी, वर्षानुवर्षांच्या तारखा, सारे टळते. खऱ्या मुलीला यातले काहीच टळत नाही. त्या मानाने 'दिल्ली क्राइम'मधील (२०१९) शेफाली शहांची अधिकारी मला अधिक मोठी वाटते. ती अपुऱ्या साधनांनिशी, रात्रीचा दिवस करून पुरावा गोळा करते.

आणि 'आक्रोश' (१९८०) विसरू नका. शिरपूरच्या पाटील घराण्यातील, सेवादलाच्या संस्कारांत वाढलेल्या स्मिता पाटील यांनी त्यात एका आदिवासी स्त्रीची भूमिका केली. तिच्यावर अत्याचार करून तिला मारणारे गावातले प्रतिष्ठित आहेत आणि खुनाचा आरोप तिच्या नवऱ्यावर आहे. तो चित्रपटभर बोलत नाही. त्याला कोणी ऐकणारच नाही, हे त्याला ठाऊक आहे. गोविंद निहलानी आणि विजय तेंडुलकर यांनी भीतीचे मूळ सत्तेत दाखविले. चांगल्या गुन्हेपटाकडून मी हीच अपेक्षा करतो.

म्हणून मित्रहो, हे चित्रपट अवश्य पाहा. शाखेत, वस्तीत दाखवा आणि नंतर चर्चा करा. मात्र एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारा: ही स्त्री उद्या आपल्या तालुक्यात तक्रार देण्यास निघाली, तर तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात कोण जाईल? खटल्याच्या तारखेला तिच्या शेजारी कोण बसेल? तिची नोकरी गेली तर दुसरी कोण पाहील? तिच्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीसाठी कोण उभे राहील? ही कामे पडद्यावर दिसत नाहीत. ती आपल्याला करायची आहेत.